किण्वित सेंद्रिय द्रवखते (तेलबिया पिके)

जनावरांचे शेण व मूत्र, तेलबियांची पेंड, कडधान्यांचे पीठ, गूळ, मासळीचा टाकाऊ भाग यांसारखे सेंद्रिय पदार्थ पाण्यात कालवून व ठराविक मुदतीपर्यंत आंबवून तयार केलेल्या आणि पिकाच्या मुळाशी किंवा पानांवर द्यावयाच्या द्रवांस किण्वित (आंबवलेली) सेंद्रिय द्रवखते म्हणतात. जीवामृत, बीजामृत, पंचगव्य, पेंडीची स्लरी, जैव वायू संयंत्रातून बाहेर पडणारी मळी ही त्यांची भारतातील प्रमुख उदाहरणे होत. दशपर्णी अर्कासारखी वनस्पतिजन्य द्रावणेही आंबवूनच तयार करतात; परंतु त्यांचा उद्देश कीडनियंत्रण हा असल्याने त्यांचा समावेश खतांत होत नाही.

भारताची खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीतून भागते. देशातील तेलबियांचे बहुतांश क्षेत्र जिरायत असून ते कमी सेंद्रिय कर्ब असलेल्या जमिनीत आहे. त्यामुळे हाताशी असलेल्या पदार्थांपासून अल्प खर्चात तयार होणाऱ्या या द्रवांकडे भुईमूग, सोयाबीन, करडई, सूर्यफूल व तीळ पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे लक्ष वेधले गेले. ती नेमके कोणते कार्य करतात आणि कोणते करू शकत नाहीत, हे समजून न घेता केलेल्या वापरामुळे मात्र उत्पादनात घट येण्याचाही संभव असतो.

इतिहास : आंबवलेल्या द्रवाने वनस्पतींचे पोषण करण्याची कल्पना भारतात प्राचीन आहे. इ. स. १००० च्या सुमारास होऊन गेलेल्या सुरपालाच्या वृक्षायुर्वेद या ग्रंथात ‘कुणपजल’ या द्रवाची कृती दिली आहे. प्राण्यांचे मांस, वसा व मज्जा पाण्यात शिजवून त्यांत तिळाची पेंड, मध, भिजविलेले उडीद व तूप घालीत आणि ते मिश्रण उबदार जागी सु. पंधरा दिवस ठेवीत. ‘कुणप’ म्हणजे शव. द्रवाच्या उग्र दुर्गंधीवरून हे नाव पडले असावे. या ग्रंथाची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयात आहे. य. ल. नेने यांनी स्थापन केलेल्या सिकंदराबाद येथील संस्थेने १९९६ मध्ये नलिनी साधले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यानंतर या विषयाकडे अभ्यासकांचे नव्याने लक्ष गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व आशियातही अशा पद्धती विकसित झाल्या. जपानमधील ओकिनावा बेटावरील र्‍युक्यू विद्यापीठात तेरुओ हिगा यांनी १९८० नंतरच्या दशकात लॅक्टिक अम्ल तयार करणारे सूक्ष्मजंतू, यीस्ट व प्रकाशसंश्लेषी सूक्ष्मजंतू यांचे मिश्रण प्रचारात आणले. कोरियात चो हान-क्यू यांनी स्थानिक सूक्ष्मजंतूंवर आधारलेली शेतीपद्धती मांडली. तमिळनाडूत कोडुमुडी येथील के. नटराजन यांनी पारंपरिक पंचगव्यात भर घालून त्याला पीकपोषक द्रवाचे रूप दिले. महाराष्ट्रात सुभाष पाळेकर यांनी जीवामृतावर आधारित नैसर्गिक शेतीचा प्रसार केला. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला.

प्रकार व निर्मिती : (१) जीवामृत : २०० लि. पाण्यात देशी गायीचे ताजे शेण १० किग्रॅ., गोमूत्र ५ ते १० लि., गूळ २ किग्रॅ., बेसन अथवा अन्य कडधान्याचे पीठ २ किग्रॅ. आणि बांधावरील मूठभर माती मिसळतात. पिंप सावलीत ठेवून गोणपाटाने झाकतात व लाकडी काठीने दिवसातून दोन वेळा ढवळतात. ४८ तासांनंतर ते वापरण्यास योग्य झाले असे मानतात. ही मात्रा एका एकरासाठी (०·४ हेक्टर) असते.

(२) बीजामृत : २० लि. पाणी, ५ किग्रॅ. शेण, ५ लि. गोमूत्र, ५० ग्रॅ. चुना व मूठभर माती यांपासून हे तयार करतात. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी ते बियाण्यास लावतात.

(३) पंचगव्य : ७ किग्रॅ. शेण व १ किग्रॅ. तूप कालवून तीन दिवस ठेवतात. त्यात १० लि. गोमूत्र व १० लि. पाणी घालून ते पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळतात. नंतर ३ लि. दूध, २ लि. दही, ३ लि. शहाळ्याचे पाणी, ३ किग्रॅ. गूळ व १२ पिकलेली केळी मिसळतात. सु. ३० दिवसांत द्रव तयार होतो. फवारणीसाठी त्याचे ३ टक्के द्रावण वापरतात.

(४) पेंडीची स्लरी : भुईमूग, एरंड, करंज किंवा कडुनिंबाची पेंड सु. दहापट पाण्यात पाच ते सात दिवस आंबवतात. फडक्यातून गाळून व पुरेसे पाणी मिसळून हा द्रव मुळाशी देतात. भुईमुगाच्या पेंडीत सु. ७ टक्के, तर एरंडीच्या पेंडीत ४ टक्क्यांहून थोडा अधिक नायट्रोजन असतो. अन्नद्रव्यांच्या दृष्टीने या गटातील हे सर्वांत सकस द्रवखत होय.

(५) जैव वायू संयंत्रातील मळी : शेणाचे हवेविरहित अवस्थेत किण्वन होऊन मिथेन वायू निघून गेल्यावर उरलेला हा पदार्थ होय. शेणातील कार्बनाचा काही भाग वायुरूपाने निघून जातो, तर नायट्रोजन बहुतांशी मळीतच राहतो. त्यामुळे शुष्क भाराच्या प्रमाणात मळीतील नायट्रोजन वाढतो.

किण्वनक्रिया : मिश्रणातील प्रत्येक घटकाचे कार्य निराळे असते. शेण व माती यांतून सूक्ष्मजंतू येतात. गूळ त्यांना तत्काळ ऊर्जा पुरवितो. पिठातील प्रथिनांपासून त्यांच्या पेशींच्या वाढीस लागणारा नायट्रोजन मिळतो. गोमूत्रातील यूरियाचे यूरिएज या एंझाइमामुळे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनामुळे) अमोनियात रूपांतर होते. साखरेपासून लॅक्टिक व ॲसिटिक अम्ले तयार होऊन द्रव काहीसा अम्लधर्मी राहिला, तर हा अमोनिया अमोनियम रूपात द्रवात टिकतो. अन्यथा तो हवेत उडून जातो. पिंपाजवळ येणारा डोळ्यांस झोंबणारा दर्प म्हणजे खताचे होत असलेले नुकसानच होय.

ढवळण्यामुळे द्रवात हवा मिसळते व हवेची गरज असलेल्या सूक्ष्मजंतूंची वाढ होते. ढवळणे थांबल्यास तळाशी हवेचा अभाव निर्माण होऊन हायड्रोजन सल्फाइड व ब्युटिरिक अम्ल तयार होते आणि द्रव सडतो. आंबूस वास हे चांगल्या किण्वनाचे, तर कुजलेल्या अंड्यासारखा वास हे बिघडलेल्या किण्वनाचे लक्षण समजावे. कर्नाटकात झालेल्या सूक्ष्मजंतुशास्त्रीय अभ्यासात जीवामृतातील सूक्ष्मजंतूंची संख्या नवव्या ते बाराव्या दिवसांच्या दरम्यान सर्वाधिक आढळली. त्यावरून ४८ तासांचा प्रचलित संकेत हा किमान मुदत म्हणूनच घेणे योग्य ठरते.

धारवाड येथील कृषी विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बीजामृतातून नायट्रोजन स्थिर करणारे व फॉस्फेट विरघळविणारे सूक्ष्मजंतू वेगळे केले. त्यांपैकी काही सूक्ष्मजंतू इंडॉल ॲसिटिक अम्ल व जिबरेलिक अम्ल ही वनस्पतिवृद्धिकारके निर्माण करतात, असे दिसून आले. त्यांची प्रक्रिया केल्यावर सोयाबीनच्या बियांची उगवण व रोपांचा जोम वाढला. तेलबिया पिकांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

तेलबिया पिकांच्या गरजा : तेल हा ऊर्जेचा अत्यंत घनरूप साठा आहे. एक ग्रॅम ग्लुकोजापासून वनस्पती सु. ०·८ ग्रॅ. स्टार्च तयार करू शकते. स्निग्ध पदार्थ मात्र केवळ ०·३३ ग्रॅ. तयार होतात. त्यामुळे तृणधान्यांच्या तुलनेने तेलबियांचे हेक्टरी उत्पादन स्वभावतःच कमी असते आणि दाणे भरण्याच्या काळात पाने हिरवी व कार्यक्षम राहणे अत्यावश्यक असते.

तेलबियांना गंधकाची गरज विशेष असते. एक टन धान्याच्या उत्पादनास तृणधान्यांच्या बाबतीत ३–४ किग्रॅ. गंधक लागते, तर तेलबियांना सु. १२ किग्रॅ. लागते. भुईमुगाची गरज आणखी वेगळी आहे. फुलोऱ्यानंतर त्याच्या आऱ्या जमिनीत शिरतात व शेंगा मातीत पोसतात. मुळांनी शोषलेले कॅल्शियम पाण्याबरोबर पानांकडे जाते. तेथून ते जमिनीखालच्या शेंगांकडे परत येत नाही. म्हणून शेंगेला लागणारे कॅल्शियम तिच्या सभोवतालच्या मातीतूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास शेंगा पोचट राहतात. हेक्टरी सु. ४०० किग्रॅ. जिप्सम विभागून देण्याची शिफारस यासाठीच आहे; त्यातून गंधकही मिळते. ही उणीव कोणत्याही फवारणीने भरून निघत नाही. [→ भुईमूग].

द्रवखतांतील अन्नद्रव्यांचा हिशेब : या खतांविषयीचे बरेचसे गैरसमज साध्या हिशेबाने दूर होतात. २०० लि. जीवामृतात शेणातून सु. ४० ग्रॅ., १० लि. गोमूत्रातून ८० ते १०० ग्रॅ. व पिठातून सु. ७० ग्रॅ., म्हणजे एकूण सु. २०० ग्रॅ. नायट्रोजन येतो. हेक्टरी हे प्रमाण अर्धा किग्रॅ. होते. भुईमुगाच्या हंगामात ते सात वेळा दिले, तरी एकूण नायट्रोजन साडेतीन किग्रॅ. भरतो. महाराष्ट्रात भुईमुगासाठी हेक्टरी २५ किग्रॅ. नायट्रोजन व ५० किग्रॅ. फॉस्फरस (फॉस्फेट रूपात) देण्याची शिफारस आहे. हेक्टरी दोन टन शेंगा देणारे पीक याहून कितीतरी अधिक, म्हणजे सु. १०० किग्रॅ.पेक्षा जास्त नायट्रोजन वापरते व त्याचा मोठा भाग मुळांवरील गाठींतून मिळतो.

पंचगव्याचा हिशेब याहूनही बोलका आहे. प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार त्यात दर लिटरला नायट्रोजन, फॉस्फरस व पोटॅशियम प्रत्येकी २०० ते २५० मिग्रॅ. असतात. हेक्टरी ५०० लि. द्रावण ३ टक्के प्रमाणात फवारले, तर त्यातून पिकाला केवळ साडेतीन ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन मिळतो. यावरून पंचगव्याचा जो परिणाम दिसतो, तो अन्नद्रव्यांच्या पुरवठ्यामुळे नसून वृद्धिकारके, सेंद्रिय अम्ले व सूक्ष्मजंतू यांमुळे असला पाहिजे, हे उघड होते.

सूक्ष्मजंतूंच्या संख्येबाबतही असाच विचार करावा लागतो. एका हेक्टरातील वरच्या १५ सेंमी. मातीचे वजन सु. २० लाख किग्रॅ. असते व तिच्या प्रत्येक ग्रॅममध्ये कोट्यवधी सूक्ष्मजंतू असतात. जीवामृतात तितक्याच घनतेने सूक्ष्मजंतू आहेत असे मानले, तरी हेक्टरी ५०० लि. द्रवातून येणारे सूक्ष्मजंतू मुळातील संख्येच्या एक हजारांशाहूनही कमी भरतात. म्हणून संपूर्ण शेतावर शिंपडण्यापेक्षा बियाण्याभोवती किंवा मुळालगत दिलेला द्रव अधिक परिणामकारक ठरण्याची शक्यता असते. मातीत ओलावा व शेणखत, पालापाचोळा यांच्या रूपाने अन्न नसेल, तर बाहेरून आलेले सूक्ष्मजंतू तेथे तगत नाहीत.

वापरण्याची पद्धत : बीजप्रक्रियेत भुईमूग व सोयाबीन यांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. त्यांचे बीजावरण पातळ असल्याने बी द्रवात भिजत ठेवल्यास साल सुटते व डाळिंब्या वेगळ्या होतात. बीजामृत केवळ शिंपडून हलक्या हाताने चोळावे व बी लगेच सावलीत सुकवावे. त्यानंतर त्या त्या पिकाच्या ऱ्हायझोबियम संवर्धनाची प्रक्रिया करावी. बांधावरच्या मातीत सोयाबीनला लागणारे विशिष्ट गाठीजनक सूक्ष्मजंतू असतीलच असे नाही. विशेषतः हे पीक प्रथमच घेतलेल्या जमिनीत जीवामृत हे संवर्धनाला पर्याय ठरत नाही.

मुळाशी द्यावयाचा द्रव जमिनीत ओल असताना, शक्यतो सायंकाळी द्यावा. हेक्टरी ५०० लि. द्रव म्हणजे जमिनीवर ०·०५ मिमी. जाडीचा थर होय. कोरड्या मातीत तो काही मिनिटांत सुकून जातो. यामुळेच रब्बी हंगामात जमिनीतील खोल ओलीवर येणाऱ्या करडईला वरून शिंपडलेल्या द्रवाचा फारसा उपयोग होत नाही. तेथे बीजप्रक्रिया व पेरणीपूर्वी दिलेले शेणखत यांवरच भर द्यावा. भुईमूग व सोयाबीन यांना पेरणीनंतर तीन आठवड्यांनी पहिली व फुलोऱ्यापूर्वी दुसरी मात्रा देणे सोयीचे पडते. तिळाला पाणथळपणा सोसत नाही, म्हणून त्याच्या मुळाशी मोठ्या प्रमाणात द्रव ओतू नये. सूर्यफुलाचे परागण मधमाश्यांवर अवलंबून असते. त्यामुळे फुलोऱ्यात सकाळच्या वेळी फवारणी टाळावी. ठिबक सिंचनातून द्रव सोडावयाचा असल्यास तो दोनदा गाळून घ्यावा, नाहीतर तोट्या बुजतात. तीव्र द्रावणामुळे पाने करपतात. म्हणून फवारणीपूर्वी थोड्या झाडांवर चाचणी घेणे इष्ट असते.

उत्पादनावरील परिणाम : भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल इ. पिकांवर देशातील कृषी विद्यापीठांत झालेल्या प्रयोगांतून सर्वसाधारणपणे एक सूत्र दिसते. शेणखत, गांडूळखत किंवा शिफारशीप्रमाणे दिलेली खते यांच्या जोडीला द्रवखत दिल्यास काही ठिकाणी उत्पादनात वाढ आढळते. मात्र अन्य कोणतेही खत न देता केवळ द्रवखतावर विसंबल्यास उत्पादन शिफारशीत खतांच्या तुलनेने घटते. वर दिलेल्या हिशेबाशी हे सुसंगतच आहे. पहिल्या एकदोन वर्षांत घट दिसेलच असे नाही, कारण पीक जमिनीतील पूर्वीच्या साठ्यावर वाढत असते. फॉस्फरस व गंधक यांचा साठा भरून न काढता शेंगा व दाणे शेताबाहेर जात राहिल्यास जमीन हळूहळू निकस होते.

प्रयोगांचे निष्कर्ष ताडून पाहताना तुलना कशाशी केली आहे, हे पाहणे आवश्यक असते. द्रवखत दिलेल्या वाफ्यांची तुलना तितकेच साधे पाणी दिलेल्या वाफ्यांशी केलेली नसेल, तर अवर्षणकाळात पाण्याचाच गुण द्रवखताच्या नावावर जमा होतो. उकळून निर्जंतुक केलेल्या द्रवाशी तुलना केल्यास सूक्ष्मजंतूंचा वाटा किती, हेही कळू शकते. शेतकऱ्यालाही शेतात आलटून पालटून पट्टे पाडून व प्रत्येक पट्ट्यातील वाळलेल्या शेंगांचे स्वतंत्र वजन करून अशी पडताळणी करता येते.

या विषयावरील मतभेद सार्वजनिक धोरणातही उमटले. आंध्र प्रदेशात २०१६ पासून शासनाने नैसर्गिक शेतीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. २०१९ मध्ये राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीच्या चर्चासत्रात या पद्धतीच्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे मत व्यक्त झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने खाद्यतेल-तेलबिया अभियानास व नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मान्यता दिली. एकाने उत्पादनवाढीचे, तर दुसऱ्याने बाहेरील निविष्ठा कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले असून तेलबियांच्या शेतात या दोहोंचा मेळ घालावा लागणार आहे. जैव वायू संयंत्रातून मिळणारी किण्वित घन व द्रव खते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली असून, २०२३ मध्ये त्यांच्या विक्रीसाठी टनाला १,५०० रुपये साहाय्य देण्याची योजना मंजूर झाली.

मर्यादा व धोके : घरगुती द्रवखतांची प्रत दर खेपेस बदलते, शेणाचा ताजेपणा, तापमान व पाणी यांनुसार त्यांतील घटक कमीजास्त होतात. ताज्या शेणात मानवी आतड्यांचे विकार उत्पन्न करणारे सूक्ष्मजंतू असण्याचा संभव असतो व अल्पकालीन किण्वनाने ते पूर्णपणे नष्ट होतील याची खात्री नसते. भुईमुगाच्या शेंगा मातीतच वाढत असल्याने हा प्रश्न तेथे अधिक गंभीर आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, खाण्याचा भाग मातीच्या संपर्कात येत असल्यास कच्चे शेण व काढणी यांत किमान १२० दिवसांचे अंतर असावे लागते. भुईमुगाच्या अनेक जातींचा संपूर्ण पीककालच तितका किंवा त्याहून कमी असतो. म्हणून शेंगा पोसत असताना शेणयुक्त द्रव मुळाशी देणे टाळावे आणि शेंगा चांगल्या धुऊन वाळवाव्यात. एरंडीच्या पेंडीत रायसीन हे विष असल्याने तिची पिंपे जनावरांपासून दूर ठेवावी लागतात.

जमिनीस केवळ गुळासारखे सहज विघटनक्षम पदार्थ मिळत राहिल्यास सूक्ष्मजंतूंची हालचाल तात्पुरती वाढून मातीतील जुने सेंद्रिय द्रव्यही अधिक वेगाने खर्ची पडू शकते. त्यामुळे द्रवखताबरोबर आच्छादन व घनरूप सेंद्रिय खत यांची जोड आवश्यक असते.

अन्नद्रव्यांचे चक्र : तेलबिया पिकांना एक नैसर्गिक लाभ आहे. शुद्ध तेल हे कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचेच बनलेले असते आणि ही मूलद्रव्ये वनस्पतीला हवा व पाणी यांतून मिळतात. जमिनीतून घेतलेला नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम व गंधक हे जवळजवळ संपूर्णपणे पेंडीत राहतात. शेतातून तेल बाहेर गेले आणि पेंड—प्रत्यक्ष खत म्हणून अथवा जनावरांच्या शेणामूत्रावाटे—शेतात परतली, तर जमिनीचे फारसे काही हरवत नाही. गावोगावी बैलघाणे होते तेव्हा पेंड बव्हंशी गावातच राहत असे. तेलबिया कारखान्यांकडे जाऊ लागल्यावर पेंड दूरच्या बाजारपेठांत व परदेशांत जाऊ लागली. खाण्याजोगी पेंड जनावरांस चारून त्यांच्या शेणामूत्राचे द्रवखत करणे व एरंड, करंज, कडुनिंब यांची अखाद्य पेंड आंबवून थेट पिकास देणे, हा या चक्राचा तुटलेला भाग सांधण्याचा व्यवहार्य मार्ग होय. माती परीक्षणानुसार फॉस्फरस, गंधक व कॅल्शियम यांची पूर्तता, योग्य ऱ्हायझोबियम संवर्धन व पुरेसे सेंद्रिय खत हा पाया ठेवून त्यावर किण्वित द्रवखतांचा पूरक म्हणून उपयोग केल्यास तेलबियांच्या उत्पादनास त्यांचा हातभार लागू शकतो.